कोबीवरची अळी औषधाला दाद देत नाही? डोस वाढवायच्या आधी घरी डबे लावून बघा

कोबीवर दोन फवारण्या झाल्या, तिसरी पण झाली, तरी पान उलटलं की खाली हिरवी अळी तशीच वळवळतेय, हे आपल्या बेळगाव भागात कोबी-फ्लॉवर करणाऱ्या सगळ्यांनी बघितलंय. मग कट्ट्यावर दोनच गोष्टी, एक तर औषध डुप्लिकेट हाय, नाहीतर डोस वाढव. मागच्या वर्षी आम्ही पण डोस दीडपट केला, पैसे गेले आणि गड्डे भोकं पडलेले म्हणून गोव्याच्या व्यापाऱ्यानं निम्मा माल बाजूला काढला. अळी खरंच औषध पचवायला लागलीय का हे औषधात बुडवलेलं पान डब्यात अळ्यांना देऊन आधी बघता येतं, चार दिवसांचं काम आहे.

ही अळी चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची, डायमंड बॅक मॉथ म्हणतात तो. उबदार हवेत अडीच-तीन आठवड्यात पिढी पुरी होते आणि दर फवारणीत जी वाचते तिचीच पिल्लं पुढं वाढतात. 1953 सालीच जावा बेटावर हिनं डीडीटी पचवल्याची नोंद आहे, त्यामुळं हिच्याबाबतीत गाफील राहून चालत नाही.

पुढच्या फवारणीच्या आधी अळ्या गोळा करा. एकाच कोपऱ्यातल्या नको, रानात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणच्या. साधारण एकाच मापाच्या, मधल्या वयाच्या घ्यायच्या, अगदी बारीक नको आणि कोष करायला आलेल्या पण नको. बोटानं चिमटीत धरू नका, मऊ ब्रशनं उचला. हात लागला की ती मागं सरकत सरकत धाग्यावर लोंबकळते, त्या धाग्यानंच ब्रशवर घेता येते. सुस्त, काळपट दिसणाऱ्या सोडून द्या. दोन औषधं तपासायची तर 120 लागतात, दीडशे आणा.

पानं मात्र बिनफवारणीच्या कोबीचीच पाहिजेत. पहिल्या वेळी आम्ही रानातलीच पानं धुऊन घेतली आणि तुलनेसाठी ठेवलेल्या नुसत्या पाण्याच्या डब्यातल्या अळ्या पण मेल्या, सगळी मेहनत फुकट. आता परसात दहा-बारा रोपं फक्त यासाठी ठेवतो, त्यांना काही मारत नाही.

औषधाचं पाणी लेबलप्रमाणेच करायचं. समजा हेक्टरी 200 ग्रॅम आणि 500 लिटर पाणी लिहिलंय, तर लिटरला 0.4 ग्रॅम पडतं, एवढं बारीक घरी मोजता येत नाही म्हणून सरळ 10 लिटरला 4 ग्रॅम करा, उरलेलं पंपात जातं. हातमोजे घाला आणि स्वयंपाकाचं भांडं अजिबात वापरू नका. कोबीचं पान मेणचट, थेंब घसरतो, म्हणून स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव) सगळीकडे सारखाच टाका, पाण्याच्या डब्याला पण. आधी पाण्याच्या डब्यांची पानं पाण्यात आणि मग औषधाच्या डब्यांची वेगळी पानं औषधात, प्रत्येक पान 10 सेकंद बुडवायचं, सावलीत कागदावर पूर्ण वाळवायचं. झाकणाला सुईनं भोकं पाडलेल्या डब्यात टिश्यू पेपर, त्यावर पान, त्यावर 10 अळ्या, असे प्रत्येक औषधाचे 4 डबे आणि पाण्याचे पण 4. उन्हात ठेवू नका.

72 तासांनी मोजा. ब्रशनं हळूच टोचायचं, धड चालता येत नसेल तर ती मेलेली धरायची.

आता हिशोब. पाण्यात 40 पैकी 4 मेल्या म्हणजे 10 टक्के, औषधात 22 म्हणजे 55 टक्के. 55 वजा 10 म्हणजे 45, त्याला 90 नं (100 वजा 10) भागून 100 नं गुणा, आलं 50 टक्के. ॲबटचं सूत्र म्हणतात याला, 1925 पासून वापरात आहे. पाण्यातल्याच 20 टक्क्यांपेक्षा जास्त मेल्या तर ती टेस्ट सोडून द्या.

पूर्ण बुडवलेल्या पानावर लेबलचा डोस असून निम्म्या जगतात तर नोझलला दोष देता येत नाही. दुसऱ्या दुकानातून, दुसऱ्या बॅचचं औषध आणून परत एकदा लावा, तेच आलं तर रेझिस्टन्सचा, म्हणजे अळी औषध पचवते याचा, संशय पक्का धरा. आणि डब्यात मेल्या पण रानात मरेनात, तर चूक फवारणीत आहे, पानाच्या खाली औषध पोचतच नाही.

औषध बदलताना नाव नाही, गट बदला, गट म्हणजे औषध अळीच्या अंगात कसं काम करतं त्याचा नंबर. क्लोरँट्रानिलीप्रोल, फ्लुबेंडायमाइड, सायँट्रानिलीप्रोल, तिन्ही गट 28, बाटली वेगळी पण अळीच्या अंगात काम तेच. इमामेक्टिन गट 6, स्पिनोसॅड गट 5, इंडोक्साकार्ब गट 22. एका पिढीवर जो गट मारला तो पुढच्या पिढीवर नको.

निपाणीकडं तंबाखू-सोयाबीनवरच्या अळीला हीच पद्धत चालते. हरभऱ्यावरची घाटेअळी मात्र एकमेकींना खाते, तिला एकेक वेगळी ठेवा, बर्फाचा जुना ट्रे चालतो पण तो परत फ्रीजमध्ये घालू नका.

तारीख, शिवार, औषध, बॅच नंबर आणि आकडे वहीत लिहून रयत संपर्क केंद्रात नाहीतर मत्तिकोपच्या केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात) दाखवा. उरलेल्या अळ्या, पानं, टिश्यू खड्डा काढून पुरा, कोंबड्यांना किंवा शेरडांना ती पानं टाकू नका.