आर्वो पॅर्त गाणार असाल तर या चुका टाळा

गेली काही वर्षं बेळगावात मी एक छोटा कॉयर, म्हणजे समूहगायनाचा गट, चालवतोय. रविवारी दुपारी टिळकवाडीत तालीम असते. शहापूर, वडगाव, कॅम्पातून मंडळी येतात, दोघं खानापूरहून बसने येतात, एक मुलगी थेट निपाणीहून येते. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी कोंकणी. निम्म्या लोकांनी हिंदुस्थानी गाण्याच्या परीक्षा दिल्यात, बाकीचे चर्चमध्ये गाऊन तयार झालेत. अलीकडे आमच्याकडे आणि आसपासच्या गटांतही आर्वो पॅर्तच्या रचना बसवायची ओढ वाढली आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण नवीन गट ऐकायला गेलो की पहिल्या दोन मिनिटांत त्याच चुका कानावर येतात, आणि तालमीनंतर मी तेच तेच सांगत बसतो. म्हणून एकदा लिहूनच काढतो.

पॅर्त हा एस्टोनियाचा संगीतकार. जन्म १९३५ चा, पाइडे या गावचा. १९६८ साली त्याच्या ‘क्रेडो’ या रचनेने सोव्हिएत अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. त्यानंतरची जवळजवळ आठ वर्षं, १९७१ ची तिसरी सिंफनी सोडली तर, त्याने फार थोडं लिहिलं. जुनं ग्रेगोरियन गायन (चर्चमधलं एकाच सुरावटीचं प्रार्थनागायन) आणि मध्ययुगातलं बहुस्वरी संगीत तो शिकत बसला होता. १९७६ मध्ये ‘फ्युर अलिना’ हा पियानोचा छोटा तुकडा आला आणि तिथून त्याची आजची शैली सुरू झाली. तिला त्याने टिंटिनाबुली असं नाव दिलं. लॅटिनमध्ये टिंटिनाबुलुम म्हणजे छोटी घंटा. यात दोन आवाज जोडीने चालतात. एक आवाज शेजारच्या स्वरावरून शेजारच्या स्वरावर पायरी-पायरीने जातो. दुसरा फक्त त्रिस्वरातल्या तीन स्वरांवर, म्हणजे आपल्या भाषेत सा, ग, प यांवरच राहतो. एवढंच.

हे ‘एवढंच’ ऐकून लोक फसतात.

“सोपं आहे, चार रविवारांत बसेल”

पानावर स्वर कमी दिसतात, ठेका अवघड नाही, ताना नाहीत. त्यामुळे उतावळ्या नवख्यांना वाटतं की हे आधी उरकून घेऊ, मग ‘खरं’ काहीतरी बसवू. ज्या माणसाने हे स्वर सापडावेत म्हणून आठ वर्षं जवळपास गप्प बसून काढली, त्याची रचना तुम्ही चार रविवारांत उरकणार? मी नव्या गटाला पाच मिनिटांच्या एका रचनेसाठी निदान तीन महिने धरायला सांगतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी दुसरं काही गावं. त्यात वाईट काहीच नाही.

कोमल गंधारावर आंदोलन

ही माझ्या मते आपल्या भागातली सगळ्यात मोठी चूक. ती आपल्या चांगल्या गुणातून येते, म्हणून सुटायला सगळ्यात जड जाते.

आमच्या बासमध्ये, म्हणजे पुरुषांच्या खालच्या आवाजात, शहापूरचे एक काका होते. चाळीस वर्षांचा रियाज, आवाज भरदार, स्वर पक्का. आम्ही ‘दा पाचेम दोमिने’ बसवत होतो. ही लॅटिन शब्दांवरची रचना २००४ ची. त्या मार्चमध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर दोनच दिवसांनी पॅर्तने ती लिहायला घेतली. सांगीतिक पाया एका जुन्या ग्रेगोरियन प्रार्थनेचा. चाल अतिशय संथ. सा आम्ही पांढरी दोनवर धरला होता. काकांच्या वाट्याला त्रिस्वराचा आवाज होता, आणि त्यात कोमल गंधार आला की काकांचा गळा आपोआप हलायचा. वरून झुलत खाली यायचा, पुन्हा वर जायचा. दरबारीत तो स्वर तसाच लागतो, आणि काकांचा दरबारीतला गंधार ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं आहे. पण इथे बाकी तीन आवाज त्याच गंधाराला टेकून उभे होते. तो हलला की सगळी मांडणी हलायची. अल्टोतल्या (खालच्या पट्टीतल्या) बायका एकमेकींकडे बघू लागायच्या, टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) घाबरून आवाज कमी करायचे.

मी थांबवून सांगितलं, तेव्हा काका म्हणाले, “सर, मी बरोबरच म्हणूलोय की.” बरोबरच म्हणत होते. एकट्याच्या गाण्यात तो स्वर पूर्ण बरोबर होता.

मी हार्मोनियमवर तो स्वर दाबून दाखवला. तीही चूकच होती, आणि ती माझी. सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप. हार्मोनियमचा कोमल गंधार षड्जापासून ३०० सेंटवर असतो. शुद्ध नात्यातला, म्हणजे ६:५ या प्रमाणातला, साधारण ३१६ सेंटवर येतो. अर्धा स्वर १०० सेंटचा धरला तर हा फरक कानाला स्पष्ट कळतो. म्हणजे काका दरबारीच्या सवयीने खाली जात होते आणि मी त्यांना हार्मोनियमच्या सवयीने अर्धवट वर ओढत होतो. स्वर दोघांचाही जागेवर नव्हता.

शेवटी हार्मोनियम बंद केला आणि मिरजेहून आणलेला जुना तानपुरा काढला. सा आणि प जुळवले. काकांना म्हटलं, “काका, डोळे मिटा. तार ऐका. गंधार लावा आणि तारेत तो विरून जाईपर्यंत हलू नका.” पहिल्यांदा हलला. दुसऱ्यांदा कमी हलला. सहाव्या-सातव्या वेळी स्वर थोडा वर गेला, थांबला, आणि खोलीत एक गूंज उठली. कुणी न सांगता बाकीच्या बायका त्यात मिसळल्या. काकांनी डोळे उघडून विचारलं, “हे काय झालं?” मला त्याचं उत्तर देता आलं नाही. पण त्या दिवसानंतर काकांना कधी सांगावं लागलं नाही.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. तालमीच्या खोलीत हार्मोनियम ठेवतच नाही. तानपुरा दोन मिनिटं चालू, मग बंद करून तोच तुकडा गायचा, मग पुन्हा चालू करून बघायचं की आपण कुठे पोहोचलोय. साथीशिवाय गाणारा कॉयर खाली घसरतोच. पावसाळ्याच्या तालमींत आम्ही पाच मिनिटांत जवळपास अर्धा स्वर उतरलेले आहोत. तानपुरा पुन्हा सुरू झाला की सगळ्यांना आपलं घसरणं स्वतःच्या कानांनी कळतं, मला बोलावं लागत नाही. मोबाईलवरचा तानपुराही चालतो. पण लहान स्पीकरमधून खर्ज नीट येत नाही, मोठा लावा.

मींड आणि कणस्वर यांचं दुखणं हेच. त्रिस्वराचा आवाज सा वरून प वर उडी मारतो. मधला रस्ता ऐकू येता कामा नये. मी लोकांना पुढचा स्वर आधी मनात म्हणायला लावतो, मग तोंड उघडायचं.

टोचणारा स्वर ‘दुरुस्त’ करणं

पायरीने चालणारा आवाज रिषभावर असतो तेव्हा शेजारी कुणीतरी सा किंवा गंधार धरून उभा असतो. दोन स्वर एकमेकांना घासतात. नवख्या गायकाला वाटतं आपलं चुकलं, आणि तो गुपचूप शेजाऱ्याच्या स्वरावर सरकतो. तिथे रचनेतला जीवच जातो. हे घासणं पॅर्तने हिशेबाने ठेवलेलं आहे, आणि पुढच्या पायरीवर ते सुटतं तेव्हाच ती मोकळीक ऐकू येते. मी फक्त दोघांना समोरासमोर उभं करतो, एक सा वर, एक रे वर, आणि एका पूर्ण श्वासभर तसंच धरायला लावतो. हसू येतं, मग सवय होते.

लॅटिनचा च

हे आमच्या सीमाभागातलं खास दुखणं आहे, इतर कुठे मी ऐकलं नाही.

‘दा पाचेम दोमिने’ मी फळ्यावर देवनागरीत लिहून दिलं होतं. सहा आठवडे तालीम झाली, कार्यक्रमाला पंधरा दिवस उरले होते. मोबाईलवर रेकॉर्ड करून घरी ऐकलं तर पहिल्याच ओळीत दुसऱ्या शब्दावर फसफस ऐकू येत होती. पुढच्या रविवारी एकेकाला उभं करून म्हणायला लावलं. वडगावच्या वहिनींनी म्हटलं ते ‘घराचे’ मधल्या चे सारखं, दातांवरचं. निपाणीच्या मुलीनेही तसंच. शाळा कन्नडमध्ये झालेल्या मुलांनी म्हटलं ते टाळूवरचं, कारण कन्नडात च एकच. लिहिलेलं अक्षर सगळ्यांचं एक, उच्चार दोन, आणि सहा आठवडे ते एकमेकांवर आदळत होते. संथ चालीमुळे ते झाकलंही जात नव्हतं.

यात आणखी एक खोच आहे. जर्मन परंपरेत लॅटिनचा हा वर्ण ‘त्स’ सारखाच म्हणतात, इटालियन चर्चच्या परंपरेत ‘च’. म्हणजे वहिनींचा उच्चार जर्मन गटात खपला असता. चुकीचं एवढंच की दोन्ही एकत्र गायलं जात होतं. कोणतीही एक परंपरा धरा, पण पहिल्या दिवशी ठरवा. आम्ही इटालियन धरली. आता मी सांगतो, “पाचेमचा च चेहऱ्यातला, घराचे मधला नाही,” आणि प्रत्येकाकडून एकट्याने म्हणवून घेतो. त्याच परंपरेत पुढचा ‘पुन्येत’ हा शब्द ‘पुग्नेत’ नाही, आणि दुसऱ्या एका लॅटिन प्रार्थनेतला ‘मान्यीफिकात’ हा ‘मॅग्निफिकॅट’ नाही.

शब्दाच्या शेवटी उकार लावायची सवयही आपल्याकडे आहे. बसचं ‘बस्सु’ होतं तसं ‘एस्त’चं ‘एस्तु’ आणि ‘दिएबुस’चं ‘दिएबुसु’ होतं. उच्चारात एक अख्खं जास्तीचं अक्षर तयार होतं. पॅर्तच्या रचनांत हे परवडत नाही, कारण कितीतरी ठिकाणी शब्दांत उच्चाराची किती अक्षरं आहेत यावरच सुरावटीची लांबी ठरते. १९७७ च्या त्याच्या एका मिसाचं (चर्चमधल्या उपासनेच्या संगीताचं) तर नावच ‘मिसा सिलाबिका’, म्हणजे अक्षरांवर बेतलेला मिसा, असं आहे. शेवटचा स माझ्या बोटाच्या खुणेवरच सोडायचा, आधी नाही, नंतर नाही.

आणि अर्थ. शब्दांचा अर्थ न विचारता लोक महिना महिना गातात, याचं मला फार वाईट वाटतं. ‘प्रभू, आमच्या दिवसांत शांती दे, आमच्यासाठी लढणारा तुझ्यावाचून दुसरा कुणी नाही’ हे कळल्यावर आमच्या गटाचा आवाज बदलला. मी काहीही शिकवलं नव्हतं.

प्रतिध्वनीची नक्कल

मोबाईलवर ऐकून गाणं बसवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. ती रेकॉर्डिंग्ज बहुतेक मोठ्या दगडी चर्चमधली असतात. स्वर सुटल्यावर काही सेकंद भिंती गात राहतात. आपली मुलं त्या भिंतींचीच नक्कल करतात. स्वर शेवटी ओढतात, विरघळवतात, आणि पुढच्या स्वराला उशिरा पोहोचतात. आपल्या सभागृहात पडदे, गाद्या, पंखे. तिथे हे फक्त ढिसाळ ऐकू येतं. स्कोअरमध्ये, म्हणजे छापील स्वरलिपीत, स्वर जेवढा लिहिलाय तेवढाच धरा. रेकॉर्डिंग ऐका, पण रचना पाठ झाल्यानंतर.

स्कोअर विकत घ्या. पॅर्तच्या रचना व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशनकडून निघतात. झेरॉक्सची झेरॉक्स गाऊन प्रार्थना म्हणू नये.

माईक

प्रत्येकाच्या हातात माईक देऊ नका. शक्य असेल तर एकही देऊ नका. लोक ऐकायला पुढे सरकतील.

कीबोर्डवरचा व्हायोलिनचा आवाज मागे लावणं, ‘थोडा तबला टाकू’ म्हणणं, याबद्दल मी इतकंच सांगेन की माझ्या गटात ते होणार नाही.

व्हायोलिनवाल्यांसाठी

‘श्पीगेल इम श्पीगेल’ (१९७८) आता पुष्कळ जण वाजवायला घेतात. पियानोवर त्रिस्वर फिरत राहतात, व्हायोलिनची सुरावट दर वेळी एका स्वराने लांबते आणि पुन्हा त्याच मधल्या स्वरावर परत येते. व्हायोलिन सा-प-सा-प जुळवून वाजवणाऱ्यांनी इथे पाश्चात्त्य जुळणी करावी, आणि डावा हात शांत ठेवावा. गज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या वजनाने नेणं हाच या रचनेचा अर्धा अभ्यास आहे. रोज दहा मिनिटं एकाच स्वरावर नुसता गज ओढा.

थांबणं

पॅर्तच्या पानावर रिकाम्या जागा असतात. ते मोजून लिहिलेले विराम आहेत. लोक तिथे श्वास घेतात, पान उलटतात, घसा साफ करतात, आणि पुढच्या ओळीवर लवकर उडी मारतात, कारण शांततेची भीती वाटते. आमच्या एका कार्यक्रमात मधल्याच विरामात पहिल्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. रसिकांचा दोष नव्हता. मी हात खाली घेतला होता, त्यांना वाटलं संपलं.

आता विरामात माझा हात वरच राहतो, बोटंही हलत नाहीत, आणि गायकांनी त्या हाताकडे बघत मनात मोजायचं. पानं उलटायची नाहीत. म्हणून आम्ही ती आधीच पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवतो. श्वास विरामाच्या शेवटच्या मात्रेवर, सगळ्यांनी नाकाने, आवाज न करता. लांब ओळीत श्वास लागला तर शेजारच्याने घेतल्यानंतर घ्या, त्याच्याबरोबर नाही, आणि शब्दाच्या मधे घ्या, दोन शब्दांमधे नाही. कार्यक्रमाआधी सभागृहाच्या माणसाला भेटून शेवटची दहा मिनिटं पंखे बंद ठेवायला सांगतो. उन्हाळ्यात तो कुरकुरतो. मी दर वेळी त्याला तालमीला बसवून एकदा विराम ऐकवतो, आणि मग तो स्वतः उठून बटणाजवळ जाऊन उभा राहतो.