आयडीईत चालतं, पॅकेज करताना पडतं

मेव्हन (जावा प्रोजेक्ट बिल्ड करणारं टूल) वापरून स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचा प्रोजेक्ट मॉड्यूलांत विभागताना पॅरेंटचं, म्हणजे वरच्या सामाईक प्रोजेक्टचं, पॅकेजिंग 'पॉम' ठेवायचं, मॉड्यूलांची नावं त्यात लिहायची, एवढं तुम्हाला येत असेलच. मलाही येत होतं. तरी तीन दिवस गेले, आणि आठवलं की अजून लाज वाटते.

'कॉमन' आणि त्यातला कोड वापरणारं 'वेब' अशी दोनच मॉड्यूलं. आयडीईत चालायचं, मेव्हन कंपाइलही बिनबोभाट व्हायचं. मेव्हन पॅकेज म्हटलं की 'वेब' अडायचं: 'पॅकेज डझ नॉट एक्झिस्ट', म्हणजे कॉमनमधलं जावा पॅकेजच सापडत नाही. अहो, डोळ्यांसमोर आहे की! डिपेंडन्सी काढून पुन्हा घातली, मॉड्यूलांचा क्रम बदलला (तो रिॲक्टर, म्हणजे सगळी मॉड्यूलं एकत्र बिल्ड करणारा मेव्हनचा भाग, स्वतःच लावतो, म्हणजे तेही फुकट). सिनियरना विचारलं, तर म्हणाले, "क्लीन इन्स्टॉल मार." हा सल्ला देणाऱ्यांवर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

शेवटी 'जार टीएफ' (जारमधल्या फाइलींची यादी दाखवणारी कमांड) लावून कॉमनची जार, म्हणजे पॅकेज झालेली फाइल, उघडली. क्लास होते, पण मुळाशी नाहीत, 'बूट-इन्फ/क्लासेस'च्या पोटात. कंपायलर तिथे बघतच नाही. टार्गेटमध्ये शेजारीच '.जार.ओरिजिनल' फाइल पडली होती, म्हणजे खरी, साधी जार. स्प्रिंग बूटचं प्लगइन मी पॅरेंटच्या प्लगइन्समध्ये टाकलं होतं, एकदाच लिहावं लागेल म्हणून. त्याचं 'रिपॅकेज', म्हणजे जार थेट चालवता येईल अशी पुन्हा बांधणं, कॉमनवरही चाललं. कंपाइल टप्प्यात रिॲक्टर शेजारच्या मॉड्यूलचं 'टार्गेट/क्लासेस' वापरतो, म्हणून तिथे काही कळत नाही. पॅकेज टप्प्यात तो जार देतो. त्यात भर म्हणजे कॉमनमध्ये मी ट्रायलसाठी लिहिलेला एक मेन क्लास (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तो) विसरून राहिला होता. तो नसता, तर 'मेन क्लास सापडत नाही' म्हणत बिल्ड कॉमनवरच पडलं असतं आणि चोर पहिल्याच दिवशी सापडला असता.

घाबरू नका, उपाय दोन मिनिटांचा आहे. प्लगइन फक्त चालवायच्या मॉड्यूलमध्ये ठेवा. पॅरेंटमध्ये व्हर्जनपुरतं प्लगइन मॅनेजमेंट पुरे. कॉमनमध्ये 'स्किप' ट्रू करूनही भागतं, पण मला ते ठिगळ वाटतं. एकच मॉड्यूल चालवायचंही असेल आणि दुसऱ्यांना वापरायचंही, तर क्लासिफायर (जारच्या नावाला लागणारं शेपूट) 'एक्झेक' द्या, साधी जार जागेवर राहते. मेव्हनऐवजी ग्रेडल हे बिल्ड टूल वापरणाऱ्यांनी लायब्ररी मॉड्यूलमध्ये 'बूटजार' बंद करून 'जार' चालू ठेवावं.

आणि मेव्हनला 'पीएल' (फक्त ठरावीक मॉड्यूल) लावून एकटं वेब बिल्ड करत असाल, तर सोबत 'एएम' (त्याला लागणारी मॉड्यूलंही) लावा. नाहीतर लोकल रिपॉझिटरीतली (इन्स्टॉल केलेल्या जारच्या आपल्या मशीनवरच्या साठ्यातली) जुनी, बिघडलेली कॉमनच उचलली जाते. माझा तिसरा दिवस त्यातच गेला. प्लगइन तोवर मी पॅरेंटमधून हलवलेलंही होतं.