हिरडीच्या पेशीत बॅक्टेरिया शिरला म्हणता, पण तो खरंच आत आहे का? इन्व्हेजन ॲसेमधल्या या चुका टाळा

हिरड्यांच्या आजारातला बॅक्टेरिया पोर्फायरोमोनास जिंजिव्हालिस हिरडीच्या पेशींमध्ये शिरतो, याबद्दल आता वाद नाही. त्याच्या अंगावरचे फिम्ब्रियाचे बारीक धागे पेशीवरच्या इंटिग्रिन या प्रोटीनला चिकटतात, मग पेशी स्वतःच्याच सांगाड्यातलं ॲक्टिन हलवून त्याला आत घेते, आणि एकदा आत गेला की अँटीबॉडी, पांढऱ्या पेशी, बरीचशी औषधं यांच्या तावडीतून तो सुटतो. दात खोलवर साफ करूनही आजार परत डोकं वर काढतो त्यामागे हे एक कारण मानतात. आणि इतकी महत्त्वाची गोष्ट इन्व्हेजन ॲसेने मोजताना (पेशींवर बॅक्टेरिया सोडायचे, बाहेर उरलेले औषधाने मारायचे, मग पेशी फोडून आतले प्लेटवर वाढवून मोजायचे) दर बॅचला त्याच चुका होताना बघून खरंच जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बाहेरचे बॅक्टेरिया मारायला नुसतं जेंटामायसिन टाकणं. साल्मोनेलाचा प्रोटोकॉल उचलायचा आणि नाव बदलायचं, झालं! अरे पण जेंटामायसिन बॅक्टेरियाच्या आत जायला ऑक्सिजनवर चालणारी श्वसनसाखळी लागते, ती ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या या ॲनेरोबकडे नाही, त्यामुळे तो ढिम्म हलत नाही. म्हणून सोबत मेट्रोनिडाझोल लागतंच, साधारण 300 मायक्रोग्रॅम जेंटामायसिन आणि 200 मायक्रोग्रॅम मेट्रोनिडाझोल प्रति मिली, एक तास. आमच्याकडे एका हुशार मुलीचे आकडे इतके भारी आले होते की सगळे खूश, पोस्टरसुद्धा छापून तयार. मी एवढंच विचारलं की पेशी नसलेल्या वेलमध्ये (कल्चर प्लेटच्या खळग्यात) किती कॉलनी आल्या? ती वेल ठेवलीच नव्हती. पुन्हा केलं, प्लेट उगवायची वाट बघितली, आणि पेशी नसलेल्या वेलची प्लेटसुद्धा काळ्या कॉलनींनी गच्च भरलेली. म्हणजे आत शिरलेले म्हणून जे मोजले ते बहुतेक बाहेरच चिकटून बसलेले होते. पोस्टर मागे घ्यावं लागलं, आणि मला दोष तिचा वाटत नाही, "कंट्रोल नंतर बघू" म्हणणाऱ्या सीनियरचा वाटतो.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्लेटवर पेशींशिवाय बॅक्टेरिया अधिक औषध अशी वेल असतेच, एक सायटोकॅलेसिन डी ची असते (ॲक्टिन थांबलं की शिरकाव पडायलाच हवा), आणि औषधानंतरच्या शेवटच्या वॉशचं पाणीही मी प्लेट करते. वेळ जातो, जाऊ दे. आणि हो, "अजून अर्धा तास ठेवू, सगळे मरतील" असलं काही करू नका, मेट्रोनिडाझोल पेशीच्या आतही पोचतं.

पेशींच्या मीडियममध्ये पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन तसंच राहू देऊ नका, आदल्या दिवशीच बदला.

ब्लड अगारमध्ये हेमिन आणि व्हिटॅमिन के घाला, आणि सात ते दहा दिवस ॲनेरोबिक ठेवायची तयारी नसेल तर हे काम हातात घेऊ नका. तिसऱ्या दिवशी डबा उघडून बघणाऱ्यांचा मला फार राग येतो.

स्ट्रेन, म्हणजे बॅक्टेरियाचा नेमका वाण, लिहा! एटीसीसी 33277 वर भरपूर फिम्ब्रिया असतात, डब्ल्यू 83 वर अगदी कमी, त्यामुळे दोघांचे आकडे शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही.

इन्फेक्शन रात्रभर ठेवणं हा दुसरा आवडता शॉर्टकट. याचे जिंजिपेन एन्झाइम पेशींना धरून ठेवणारी प्रोटीनच कापतात, पेशी गोल होऊन सुटतात, वॉशबरोबर वाहून जातात, आणि मग लोक म्हणतात शिरकाव कमी झाला. मी नव्वद मिनिटांवर थांबते, आणि एक जादा वेल ट्रिप्सिनाइज करून (एन्झाइमने पेशी सोडवून) शेवटी किती पेशी उरल्या ते मोजते.

आणि रिझल्टमध्ये "शिरला म्हणून हाड झिजलं" असं थेट लिहू नका. हाड खातात ते आपलेच ऑस्टिओक्लास्ट, आणि त्यांना जागं करणारं रँकएल हे प्रोटीन येतं ते मुख्यतः सुजलेल्या हिरडीतल्या आपल्याच टी आणि बी पेशींकडून. तुमच्या वेलमध्ये यातलं काहीच नसतं, तिथे फक्त पेशीत जिवंत सापडलेले बॅक्टेरिया मोजलेले असतात.