आजोबांचा हाताने काढलेला युद्धनकाशा कसा ओळखावा

कोल्हापूर भागातील अनेक घरांतले तरुण दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यामुळे जुन्या ट्रंकेत हाताने काढलेला नकाशा सापडणे नवलाचे नाही. त्यावर गावाचे नाव नसेल, तर रेषांवरून देश ओळखण्याआधी आजोबांची पदके पाहावीत. आफ्रिका स्टार, इटली स्टार किंवा बर्मा स्टार यांपैकी कोणते पदक आहे त्यावरून आघाडी कळते, आणि हिंदी सैनिकांच्या पदकांवर सहसा क्रमांक व नावही कोरलेले असते. पदक इटलीचे असेल, तर नकाशातील नदीचे वळण आधी टायबर आणि सेनिओ या नद्यांशी ताडून पाहावे, कारण याच मराठा लाइट इन्फंट्रीतील यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव यांना १९४५ मध्ये तेथील लढायांतील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता.

केवळ रंगांवरून शत्रूची बाजू ठरवू नये. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश खंदक-नकाशांत लाल व निळ्या रंगांचे अर्थ १९१८ मध्ये उलटले होते.

कागदाची मागची बाजू मला अधिक मोलाची वाटते, कारण नकाशा छापील फॉर्मवर काढलेला असल्यास फॉर्मचा क्रमांक किंवा छपाईचे वर्ष तेथे मिळू शकते. मोडी अक्षरे दिसली, तर कोल्हापूर पुराभिलेखागारात मोडी वाचणाऱ्या जाणकाराची चौकशी करावी. पलटणीविषयीची विचारणा मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगाव येथील रेजिमेंटल सेंटरकडे सैनिक क्रमांकासह लेखी पाठवावी.

तोपर्यंत नकाशाला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन तो आम्लरहित कागदात सपाट ठेवावा.