कंट्रोलची लेन आधी बघा

परभणीला एम.एस्सी. करताना 'प्रथिनांना मेदाम्लं जोडली जातात' हे मी पेपरात दोन ओळींत लिहून मोकळा झालो होतो. पुढे कापसाच्या पानांवर त्याचंच काम हाती आलं, तेव्हा विषयाची खोली कळली. मराठवाड्यातून इकडे वळणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय.

आधी दोन प्रकार पक्के करा. मिरिस्टिक आम्ल 14 कार्बनचं. ते प्रथिनाच्या सुरुवातीच्या ग्लायसीन या अमिनो आम्लावर बसतं आणि सहसा सुटत नाही. पामिटिक 16 कार्बनचं. ते सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाला थायोएस्टर बंधाने धरतं, आणि हा बंध तोडता येतो. म्हणून पेशी प्रथिनाला पटलावर (मेम्ब्रेनवर) बसवू शकते, गरज सरली की सोडवू शकते. क्षारपड रानं बघत वाढलेल्यांनी अ‍ॅराबिडोप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपामधल्या एसओएस-3 या प्रथिनाबद्दल जरूर वाचावं. त्यावर मिरिस्टिक बसलं नाही, तर झाडाची मीठ सोसायची ताकद जाते.

पामिटिक शोधायची पद्धत अशी: मोकळी सिस्टीनं एनईएमने (सिस्टीनला कायमचं चिकटणारं रसायन) बंद करायची, हायड्रॉक्सिलअमाइनने मेदाम्ल काढायचं, उघड्या पडलेल्या जागी बायोटिनची खूण लावायची आणि बायोटिन पकडणाऱ्या बीड्सवर (बारीक मण्यांवर) प्रथिन धरायचं. नमुन्याच्या अर्ध्या भागात हायड्रॉक्सिलअमाइन घालायचं नाही. तो कंट्रोल, त्यात प्रथिन दिसायला नको.

माझ्या पहिल्या ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन दाखवणारा पडदा) दोन्ही नमुन्यांच्या लेन, म्हणजे पट्ट्या, सारख्याच काळ्या आल्या. तीन आठवडे मी अँटिबॉडीवर संशय घेतला. मग माझ्या गाइड मॅडमनी वही मागितली, बफरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे डीटीटी कशाला?" डीटीटी हे गंधकाचे बंध तोडणारं रसायन मी सवयीने घातलं होतं. त्याने एनईएम खाऊन टाकलं, सिस्टीनं उघडीच राहिली आणि सगळ्यांवर बायोटिन चढलं. वहीत प्रत्येक थेंब लिहिलेला होता, म्हणूनच चूक सापडली.

कापसाचा त्रास वेगळा. पान वाटलं की अर्क बघता बघता तपकिरी होतो. फिनॉलांपासून क्विनोनं बनतात आणि तीही सिस्टीनलाच चिकटतात, म्हणजे आपण जे मोजायला बसलो तेच बिघडतं. फिनॉल शोषून घेणारी पीव्हीपीपी पावडर घाला, कोवळी पानं घ्या, सगळं बर्फावर करा. माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने अ‍ॅराबिडोप्सिसवर हात बसवा, मग कापसाकडे या.

एनईएम विषारी आहे. हातमोजे घालून फ्यूम हूडमध्येच वजन करा. हायड्रॉक्सिलअमाइन त्याच दिवशी बनवा आणि सामू (pH) 7 ला आणून मगच वापरा.