काढलेली जलपर्णी काठावर ठेवू नका

वळीव आता कधीही बरसेल. आपल्या पट्ट्यात मोसमी पाऊस साधारण 11 जूनला येतो असं आपण धरून चालतो. पण 2025 साली तो 26 मेलाच मुंबईत येऊन धडकला आणि तळ्याचं काम जूनवर ढकलणाऱ्यांची पंचाईत झाली. तळ्यात, बंधाऱ्यात किंवा शेताशेजारच्या डोहात जलपर्णी असेल तर बाकीची कामं दोन दिवस मागे ठेवा आणि आधी हे उरका.

कल्याण, मुरबाड, भिवंडीकडच्या गावांत वर्षानुवर्षं एकच चूक दिसते. लोक कंबरभर पाण्यात उतरून जलपर्णी ओढतात, मजुरी मोजतात आणि काढलेला माल काठावरच टाकून घरी जातात. सुकेल आपोआप, म्हणतात. ती सुकत नाही. पंधरवड्याने असा ढीग उचकटून बघा. वरची पानं पापडासारखी कडक झालेली असतात, पण आत हात घातला की ओल लागते आणि देठांच्या बुडाशी हिरवा कोंब जिवंत असतो. पहिल्या जोरदार सरीत तो ढीग पाण्यात परत जातो. मग आडवे दांडे फुटतात, दांड्याच्या टोकाला नवं रोप धरतं. उबदार, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते, कधी त्याहूनही लवकर.

पुढचं नुकसान शेतात येतं. सांडव्याची मोरी तुंबते, पाणी बांधावरून उलटतं, बांध फुटतो आणि वाहून आलेली जलपर्णी आवणावर, म्हणजे लावणीसाठी वाढवलेल्या भाताच्या रोपांवर, बसते. दोन दिवस दबलेलं आवण परत उभं राहत नाही. राब, म्हणजे रोपवाटिकेची जागा, भाजण्यापासूनची मेहनत गेली, पुन्हा पेरायला वेळ नाही. मासे ठेवणाऱ्यांचं नुकसान पहाटे कळतं: हिरव्या थराखाली प्राणवायू संपतो आणि रोहू-कटला वर येऊन तोंड उघडझाप करत राहतात. तेव्हा धावपळ करून फारसं काही हाती लागत नाही.

म्हणून ढीग कुठे टाकायचा ते आधी ठरवा, मगच पाण्यात उतरा. मागच्या पावसाळ्यात पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ दगडांवर, झाडांच्या बुंध्यांवर दिसते. त्या रेघेच्या चांगलं वर, उताराच्या उलट बाजूला माल न्या. पातळ पसरा, तीन-चार दिवस उलटापालटा करा. पाऊस दारात असेल तर सुकवण्याच्या नादी न लागता तुकडे करून शेणाच्या थरांबरोबर खड्ड्यात भरा. कुजवण्यासाठी टनाला 1 किलो ट्रायकोडर्मा (कुजवणारी बुरशी) पुरतो. काढलेल्या जलपर्णीत बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे भरलेला खड्डा बघता बघता खाली बसतो.

माझा अंदाज असा की काम दुपारनंतर सोपं जातं. मे महिन्यात दुपारनंतर वारा पश्चिमेचा असतो, तो तरंगता थर पूर्वेच्या काठाला आणून लावतो. तिथेच दोर आणि आकडी लावा. जांभळी फुलं दिसली की त्या बाजूपासून सुरुवात करा, कारण फुलून झालेला दांडा वाकून पाण्यात जातो आणि बी गाळात पडतं. ते बी पंधरा-वीस वर्षं तग धरतं. तळं आटलं असेल तर वरचा गाळही काढा.

दुकानदार तणनाशकाचा डबा पुढे करेल. घेऊ नका. फवारलेली जलपर्णी जागच्या जागी एकदम कुजते, उरलासुरला प्राणवायू खाते आणि मासे मरतात. शिवाय 2,4-डी हे तणनाशक वाऱ्याने शेजारच्या भेंडी-वांग्यावर गेलं की तिथली पानं वळतात. पाणी साफ करण्याच्या महागड्या पावडरीही तशाच, थर काढल्याशिवाय त्यांचा काही उपयोग नाही. पानांवर खरवडल्यासारखे बारीक डाग दिसले तर ते 1980 च्या दशकात मुद्दाम परदेशातून आणलेल्या भुंग्याचं काम असू शकतं. त्याला मारू नका, मात्र त्याच्या भरवशावर हा पावसाळा काढू नका.

उल्हास नदीच्या कल्याणकडच्या पट्ट्यातली किंवा कारखान्यांच्या नाल्यातली जलपर्णी गुरांना घालू नका, तिचं खत पालेभाज्यांनाही नको. ती पाण्यातले जड धातू शोषून घेते. स्वच्छ तळ्यातली असेल तर वाळवून आंब्या-नारळाच्या आळ्यात आच्छादनाला चालेल.

बाकीची कामं:
– भात बियाणं: 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, तरंगलेलं फेकणे, तळाचं धुऊन सावलीत सुकवणे
– मत्स्यतळं: चुना गुंठ्याला 2 ते 2.5 किलो, बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) गुंठ्याला 50
– बांधबंदिस्ती, उंदरांची बिळं बुजवणे
– सांडव्याला जाळी

तळं गावकीचं असेल तर वरच्या अंगाच्या गावाशी आत्ताच बोला. त्यांनी काढून ओढ्याकाठी टाकलेला ढीग पहिल्या पुरात तुमच्याच मोरीत येणार आहे. पाऊस सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा सांडव्याची जाळी आणि पूर्वेचा काठ बघा. चार-पाच रोपं दिसली तर त्याच दिवशी हाताने उपटून टोपलीत घाला आणि रेघेच्या वर नेऊन टाका.