कम्युनिटी कॉलेजचे टेनिस कोच: वर्षानुवर्षं होणाऱ्या या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, खेळाडू दोन सीझन खेळतो आणि जातो. कोच मात्र त्याच कोर्टांवर पंचवीस-तीस वर्षं काढतो. दर दोन वर्षांनी संघ नवा, म्हणून त्याच चुकाही नव्यानं होतात.

सगळ्यात महागात पडते ती चूक सप्टेंबरातच होते. यादीत आठ नावं दिसली की कोच निर्धास्त होतो. लढत नऊ गुणांची असते, सहा एकेरी आणि तीन दुहेरी. जिंकायला पाच गुण हवेत. मार्चपर्यंत पाचच खेळाडू उरले तर सहावी एकेरी आणि तिसरी दुहेरी न खेळताच जाते. चार उरले तर तीन गुण गेले, आणि उरलेल्या सहापैकी पाच जिंकावे लागतात.

दुखापत दिसते तरी, युनिट्स (कोर्सचे श्रेयांक) दिसत नाहीत. सीझनभर किमान १२ युनिट्स चालू लागतात. गणित जड जातंय म्हणून पोरानं ३ युनिट्सचा कोर्स सोडला की ९ राहतात आणि तो अपात्र ठरतो. तुम्हाला हे आठवड्यानं कळलं आणि मधे त्याला खेळवलं असेल, तर जिंकलेली लढतही हातची जाऊ शकते. पुण्या-मुंबईहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी परवानगीशिवाय १२च्या खाली गेल्यास व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. म्हणून शक्य त्याला १५ युनिट्स घ्यायला लावा आणि दर सोमवारी नोंदणीचं पान मोबाइलवर प्रत्यक्ष बघा. ‘हो सर, आहेत’ यावर विसंबू नका. दुसऱ्या सीझनसाठी २४ युनिट्स आणि २.० जीपीए (४ पैकी सरासरी गुणांक) लागतो. तो हिशेब पहिल्याच डिसेंबरात मांडा.

सर्व्हिसची दुरुस्ती फेब्रुवारीत काढू नका, तेव्हा सामने सुरू झालेले असतात. तव्याचा दांडा धरावा तशी रॅकेट धरून सर्व्हिस करणारे दरवर्षी एक-दोन येतातच. त्यांना कॉन्टिनेंटल ग्रिप (हातोडा धरावा तशी पकड) दिली की उजव्या हाताच्या खेळाडूचे चेंडू डावीकडे जायला लागतात. इथे घाबरून जुनी ग्रिप परत देणं ही खरी चूक. ग्रिप बरोबरच आहे, फक्त चेंडूला भिडताना कोपरापासूनचा हात बाहेर वळत नाहीये. खेळाडूला सर्व्हिस लाइनवर उभं करा, रॅकेटची कड चेंडूकडे न्यायला सांगा आणि शेवटच्या क्षणी तारांची बाजू चेंडूकडे वळवायला लावा. तिथे जमलं की एकेक पाऊल मागे.

स्वतःच्या खांद्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ७५ चेंडूंची टोपली, रोज चार टोपल्या, आठवड्याचे पाच दिवस: १५०० फीड, म्हणजे सरावासाठी खेळाडूकडे मारून दिलेले चेंडू. ते बेसलाइनवरून, कडक पॉलिएस्टर तारांच्या रॅकेटनं दिले तर कोपर कुरकुरणारच. सर्व्हिस लाइनजवळ उभे राहा, फीड कमरेखालून द्या आणि तारा मऊ मल्टिफिलामेंटच्या (बारीक धाग्यांच्या), सैल ताणाच्या ठेवा. निम्म्या टोपल्या खेळाडूंनाच देऊ द्या; सारख्या उंचीचा चेंडू देता देता त्यांचाही हात बसतो.

जाळी मध्यभागी ९१.४ सेंमी हवी. टेप नसेल तर एक रॅकेट उभी आणि तिच्यावर दुसरीचं डोकं आडवं ठेवलं की अंदाज येतो. मध्ये जाळी वर आली असेल तर तिला मधोमध खाली धरणारा पट्टा सुटलाय. खाली लोंबत असेल तर जाळीच्या वरच्या कडेतली केबल सैल आहे, ती आधी ताणा. नुसता पट्टा ओढलात तर जाळी आणखी खाली येते. चेंडू २५४ सेंमीवरून काँक्रीटवर टाकल्यावर १३५ ते १४७ सेंमी उसळायला हवा. रोज एवढं कोण मोजणार? नव्या डब्यातला एक आणि टोपलीतला एक खांद्याच्या उंचीवरून एकदम सोडा, टोपलीतला वीतभर कमी उसळला तर त्याची रवानगी सर्व्हिसच्या सरावाकडे.

आणि एकेरीत कोण पहिल्या नंबरवर, कोण सहाव्या, ही क्रमवारी डोक्यात ठेवू नका. ती ताकदीनुसारच लावावी लागते. तगडा खेळाडू मुद्दाम खाली ठेवला तर ते स्टॅकिंग होतं. समोरच्या कोचनं आक्षेप घेतल्यावर ‘मी इतकी वर्षं बघतोय’ हे उत्तर चालत नाही. आपसातल्या चॅलेंज मॅचचा स्कोअर तारखेसह, दोघांच्या सह्या घेऊन त्याच दिवशी वहीत लिहा.